सोलापुरात घर केशरी करायचंय? आधी चार वाजताचं ऊन बघा

आमच्या घराचं रंगकाम पहिल्यांदा काढलं तेव्हा हॉलची एक भिंत मी हौसेनं गडद केशरी करून घेतली. काम दिवाळीच्या आधी संपलं आणि थंडीभर येणारा-जाणारा त्या भिंतीचं कौतुक करत होता. समोर पश्चिमेची खिडकी. डिसेंबरात तिच्यातून येणारं तिरपं ऊन त्या रंगावर पडलं की खोली उबदार वाटायची. एप्रिल लागला आणि तेच ऊन नकोसं झालं. दुपारी चारला भिंत पेटल्यासारखी दिसायचीच, शिवाय छत, पांढरे पडदे, माणसांचे चेहरे, सगळ्यांवर तिची झाक उतरायची. सासूबाईंनी आपली खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली. “डोळ्यांची आग होते गं,” एवढंच म्हणाल्या. आतल्या भिंतीच्या रंगानं खोलीचं तापमान काही वाढत नाही, पण बाहेर पारा ४२ च्या पुढे गेलेला असताना डोळ्यांना जे दिसतं तेच अंगाला जाणवतं. पावसाळ्याआधी ती भिंत बदलावी लागली.

केशरी रंग मात्र मी सोडला नाही. घरातली त्याची जागा बदलली. कोणती जागा, कोणत्या क्रमानं, ते इथे सांगते.

पहिलं काम: एक दिवस उन्हामागे फिरा

शेडकार्ड हातात घेण्याआधी वही घ्या. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि संध्याकाळी सात, अशा चार वेळी प्रत्येक खोलीत जाऊन कोणत्या भिंतीवर थेट ऊन पडतंय ते लिहा. पुष्कळ लोक इथेच फसतात. पश्चिमेचं ऊन म्हटलं की पश्चिमेची भिंत टाळतात. पण खिडकीतून आलेलं ऊन पडतं ते खिडकीसमोरच्या भिंतीवर. म्हणजे खोलीला पश्चिमेची खिडकी असेल तर पूर्वेची भिंत सांभाळायची, तिथे गडद केशरी नकोच.

केशरीला सगळ्यात चांगली मानवते ती उत्तरेच्या खिडकीसमोरची भिंत. उत्तरेचा उजेड मंद आणि थोडा निळसर असतो, त्यात केशरी भडक न होता भरदार दिसतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा की सोलापुरात मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कलतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही उन्हाची तिरीप येते, म्हणून तिथे पातळ पडदा हवा. पूर्वेच्या खिडकीची खोली असेल तर सकाळचं ऊन कोवळं, तिथे केशरी खुशाल वापरा. जिन्याखालचा कोपरा, बोळासारखी अंधारी वाट, जुन्या घरातली देवळी (भिंतीतला कोनाडा), या जागा तर त्याच्यासाठीच आहेत. आमच्या देवळीच्या आतल्या तीन बाजू आणि माथा केशरी आहे, बाहेरची भिंत पांढरी. संध्याकाळी आत समई लावली की अख्खी देवळी निखाऱ्यासारखी फुलते.

दुसरं: केशरी म्हणजे नक्की कोणता?

दुकानात नुसतं “ऑरेंज द्या” म्हणू नका. आपल्याकडे या एका रंगाची कितीतरी नावं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. शेंदरी लालाकडे झुकतो, नारिंगी पिवळ्याकडे. भगवा त्याहून खोल. गेरू मातकट. जर्दाळू फिका, दुधात कालवल्यासारखा. मोठ्या भिंतीला गेरू किंवा जर्दाळू घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. शेंदरी आणि नारिंगी लहान जागेसाठी: उशीचा अभ्रा, स्टूल, कुंडी, देवळी.

खाली फरशी कोणती आहे तेही बघा. घरात शहाबादी असेल तर तुम्ही नशीबवान. केशरीच्या बरोबर समोरचा रंग निळा, आणि शहाबादीच्या राखाडीत निळसर छटा असते. त्यामुळे दोन्ही एकमेकांना उठाव देतात, वेगळं काही करावं लागत नाही. पिवळट किंवा गुलाबी टाइल्सवर मात्र केशरी भिंत गढूळ दिसते. तिथे भिंती पांढरट ठेवा आणि केशरी कापडातून आणा.

प्रमाणाचा माझा हिशेब जुन्या नाण्यांचा आहे. खोली सोळा आणे धरली तर दहा आणे पांढरट किंवा मोतिया, चार आणे लाकूड, फरशी, निळा-राखाडी आणि दोन आणे केशरी. तीन आणे झाले तरी चालतील. त्यापुढे गेलात तर पाहुण्यांना दिसते ती भिंत, घर दिसत नाही.

तिसरं: रंगाच्या आधी चादर

भिंत रंगवण्याआधी महिनाभर तो रंग घरात कापडाच्या रूपानं राहू द्या. त्यासाठी सोलापूरकरांना लांब जायला नको. आपली जेकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, सुती चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते आणि दोन बाजूंचे रंग उलटे असतात. एका बाजूला केशरी जमिनीवर निळी फुलं, तर पालटली की निळ्या जमिनीवर केशरी फुलं.

शहराच्या पूर्व भागातल्या एका दुकानात मी अशीच चादर शोधत होते. दुकानदारांनी घडी उलगडली, एक कोपरा उलटा दुमडून दोन्ही बाजू शेजारी धरल्या. वेलीची तीच वळणं, तीच किनार, पण एक बाजू दुपारसारखी, दुसरी रात्रीसारखी. “अक्का, एका पैशात दोन घेऊन चाललात,” ते म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे होळी झाली की दिवाणावरची चादर निळी बाजू वर करून घालतात आणि दिवाळीला केशरी बाजू वर येते. उन्हाळ्यात केशरीची फक्त फुलं दिसतात, थंडीत सगळी जमीन. मी घरात केलेल्या सगळ्या सजावटीत हा एक बदल मला सर्वांत समाधान देतो.

घेताना तीन गोष्टी तपासा. पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ती चादर पांढऱ्या गादीवर घालायची नाही. दुसरं, मागच्या बाजूला सुटे, लोंबणारे धागे नाहीत ना ते बघा. तिसरं, चादर दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन रंग पाहा. ट्यूबखाली शेंदरी आणि नारिंगी ओळखू येत नाहीत. पहिली धुलाई गार पाण्यात, एकटीची, आणि वाळत घालायची ती सावलीत. आपल्या गच्चीवरच्या उन्हात केशरी दोन उन्हाळ्यांत फिका पडतो.

दिवाणावर नको असेल तर भिंतीला लावा. वरच्या काठाला कापडी पट्टीची नेफा शिवून त्यात लाकडी दांडी घाला आणि दांडी दोन खुंट्यांवर ठेवा. खिळे थेट चादरीला मारू नका, वजनानं ती तिथेच फाटते.

चौथं: भिंत रंगवायची तर

महिना झाला आणि रंग अजून आवडतोय? मग भिंतीला हात घाला. काम दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढावं. पावसाळ्यात भिंत वाळत नाही आणि मे महिन्यात रंग इतका झटपट वाळतो की ब्रशच्या जोडरेषा उमटून राहतात. उन्हाळ्यात करावंच लागलं तर सकाळी अकराच्या आत हात आटपून घ्या.

आधी ओल तपासा. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि २४ तासांनी काढा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर रंग थांबवा आणि ओल कुठून येते ते शोधा. ओल्या भिंतीवर कोणताही रंग पोपडे धरतो, गडद रंगाचे पोपडे जास्त डोळ्यात भरतात.

मग नमुना. थेट भिंतीवर पट्टे ओढू नका, पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारा आणि ते शीट दोन-तीन दिवस वेगवेगळ्या भिंतींवर फिरवा. चार वाजता आणि दिवे लागल्यावर, दोन्ही वेळी बघा. मोठ्या भिंतीवर रंग शेडकार्डापेक्षा गडद वाटतो, म्हणून दोन छटांत अडकलात तर फिकी घ्या.

आता अस्तर. ही गोष्ट मला आमच्या रंगारीदादांनी शिकवली. “ताई, केशरी पांढऱ्यावर झाकत नाही. तीन हात मारले तरी खालचं डोकावतं. अस्तर पिवळट द्या.” त्यांचं म्हणणं खरं आहे. गडद केशरीच्या डब्यात झाकणारा पांढरा रंग फार कमी असतो आणि केशरी द्रव्यं पारदर्शक असतात. म्हणून पुट्टी, घासकाम आणि प्रायमर झाल्यावर एक हात फिक्या पिवळट किंवा जर्दाळू रंगाचा द्यायचा आणि मग केशरीचे दोन हात. दोन हातांमध्ये साधारण चार तास जाऊ द्या, डब्यावर जास्त लिहिले असतील तर तेवढे. दहा बाय दहाची भिंत म्हणजे १०० चौरस फूट. पुट्टी केलेल्या भिंतीवर एक लिटर चांगल्या इमल्शनमध्ये दोन हात बसतात, तरी दोन लिटर घ्या. यंत्रावर मिसळलेली छटा पुढच्या वेळी तंतोतंत तीच येईल असं नाही, आणि उरलेला रंग डाग झाकायला लागतोच.

जुना तेलरंग दिलेलं केशरी, पिवळं किंवा लाल दार घासणार असाल तर इथे थांबा. पूर्वी या रंगांत शिशाची द्रव्यं सर्रास वापरत. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचं दार कोरडं खरवडू नका, ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं फार वाईट. पाणी मारून ओलं घासा, तोंडाला मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, मुलांना आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. याच कारणासाठी पूजेचा शेंदूर तेलात कालवून कुंड्या, दिवे, खेळणी रंगवायची हौसही करू नये. बहुतेक शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. मातीच्या कुंड्यांना गेरू पाण्यात कालवून लावा. तो लोखंडाचा गंज असलेली माती आहे, स्वस्त आहे आणि वर चुन्याची पांढरी रेघ ओढली की कोणत्याही विकतच्या कुंडीपेक्षा देखणा दिसतो.

दिवे

पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली केशरी मेल्यासारखा दिसतो. ज्या भिंतीवर केशरी आहे तिथला दिवा २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा घ्या, खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं असतं. अभ्यासाच्या टेबलावर मात्र पांढराच राहू द्या.

दार आणि फुलं

भिंत, चादर काहीच जमत नसेल, भाड्याचं घर असेल, तर उंबऱ्यापासून सुरुवात करा. चौकटीला तोरण, दाराशी पितळी घंगाळात पाणी आणि वर झेंडूची फुलं. फुलं देठाशी खुडून पाण्यावर तरंगवली आणि पाणी रोज बदललं तर तीन-चार दिवस टिकतात, मे महिन्यात जेमतेम दीड दिवस. होळीच्या आसपास गावाबाहेर पळस फुलतो. खाली पडलेली फुलं परडीत आणून टेबलावर ठेवा, झाडाची ओरबाडू नका.

दसऱ्याचं तोरण सुकलं की फेकू नका. फुलं कुस्करून आतल्या काळ्या, शेपटीसारख्या बिया कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर वर्ष लिहा. जुलैच्या अखेरीस गच्चीवरच्या कुंडीत पेरल्या की पुढच्या दसऱ्याला तोरणाची फुलं घरचीच. आमच्या पुडीवर सासूबाईंच्या अक्षरात तीन वर्षं लिहिलेली आहेत.