टाकीची लेव्हल चुकते? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

साखर कारखान्यात किंवा डिस्टिलरीत लेव्हल चुकली की संशय आधी अल्ट्रासॉनिक सेन्सरवर जातो. नवा बसवतात, तोही तसाच चुकतो. सेन्सर बिचारा आवाज जाऊन परत यायला किती वेळ लागला एवढंच मोजतो. मधे हवा किती गरम आहे, मुळात हवाच आहे का, हे आपण पाहायचं असतं.

सगळ्यांत महागात पडते ती फर्मेंटरवरची, म्हणजे किण्वनाच्या टाकीवरची चूक. किण्वन सुरू झालं की वरची मोकळी जागा कार्बन डायऑक्साइडने भरते. २० अंशांना हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, या वायूत जेमतेम २६८. पातळी सेन्सरच्या २ मीटर खाली असेल तर इको, म्हणजे परत येणारा आवाज, ११.७ ऐवजी १४.९ मिलिसेकंदांनी येतो. सेन्सर हिशेब हवेचाच करतो आणि अंतर २.५६ मीटर सांगतो. टाकीत ५६ सेंटिमीटर जागा जास्त आहे असं समजून ऑपरेटर भरत राहतो. टेम्परेचर कॉम्पेन्सेशन, म्हणजे तापमान बघून आवाजाचा वेग सुधारून घेणं, इथे कामाचं नाही, आणि फेस आवाज गिळतो ते वेगळंच. इथे तळाशी दाबावरून पातळी काढणारा प्रेशर ट्रान्समीटरच लावावा, बंद फर्मेंटरला डीपी, म्हणजे तळाच्या आणि वरच्या दाबातला फरक मोजणारा. किण्वनात घनता उतरत जाते, तेवढा फरक मात्र धरा.

उघड्यावरच्या मळीच्या टाकीचं दुखणं निराळं. तापमान मोजणारा भाग बहुधा सेन्सरच्या डोक्यातच असतो. उन्हात डोकं ६० अंशांवर गेलं आणि आत ४० अंशच असले, तर ६ मीटर अंतरात सुमारे १९ सेंटिमीटरची चूक येते. वर पत्र्याची टोपी बसवा, खालून वारा खेळू द्या.

बसवताना बीमचा, म्हणजे सेन्सरमधून निघणाऱ्या आवाजाच्या झोताचा कोन बघा. १० अंशांचा शंकू ५ मीटरवर ८७ सेंटिमीटर रुंद होतो. शिडी किंवा भरण्याची धार त्यात आली की रीडिंग एका आकड्यावर अडकतं किंवा उड्या मारतं. घुमटाकार झाकणाच्या मधोमध तर नकोच. सेन्सरच्या तोंडाजवळच्या ज्या अंतरात त्याला मोजता येत नाही ते ब्लँकिंग. पातळी त्याच्या आत आली, समजा तोंडापासून २० सेंटिमीटरवर, तर दुसरा इको पकडून सेन्सर ४० दाखवू शकतो. ब्लँकिंग किती ते मॅन्युअलमधून घ्या आणि कमाल पातळी त्याच्या खालीच ठेवा.

खोट्या इकोचं मॅपिंग, म्हणजे शिडीसारख्या अडथळ्यांचे इको सेन्सरला ओळखून सोडून द्यायला शिकवणं, टाकी रिकामी असतानाच करा. अर्धी भरलेली असताना केलंत आणि मॅपिंगचं अंतर पातळीपलीकडे दिलंत, तर सेन्सर खरी पातळीच पुसून टाकतो.

रसाच्या टाकीवर वाफेचे थेंब सेन्सरच्या तोंडाला चिकटतात. पुसलं की रीडिंग सुधरतं, तासाभरात पुन्हा बिघडतं. असं होत असेल तर त्या जागी रडार घ्या.

आणि इको हरवल्यावर ‘शेवटचं रीडिंग धरून ठेव’ हे सेटिंग भरणाऱ्या पंपाच्या टाकीवर कधीच ठेवू नका. तिथे आउटपुट २२ मिलिअँपिअरला, म्हणजे बिघाडाच्या सिग्नलवर जाऊ द्या, पीएलसीत (पंप चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) त्यावर पंप ट्रिप लावा आणि हाय लेव्हलचा स्विच वेगळाच बसवा.