एलएलपी काढताय? करारनामा आधी नीट लिहा

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये दोघे मित्र मिळून छोटं वर्कशॉप टाकतात, तेव्हा एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, हा चांगला मार्ग आहे. किमान दोन भागीदार लागतात, भांडवलाची किमान अट नाही. नोंदणी ऑनलाइन होते. गाळा भाड्याचा असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आधीच मिळवून ठेवा.

खरं लक्ष द्यायचं ते करारनाम्याकडे. नोंदणीनंतर 30 दिवसांत तो फॉर्म 3 सोबत दाखल करावा लागतो, म्हणून घाईत कुणाचा तरी तयार मसुदा उचलला जातो. तसं करू नका. नफ्याची वाटणी, पगार, एकाला बाहेर पडायचं झालं तर हिशेब कसा, मशीन कुणाकडे राहणार, हे मैत्री घट्ट आहे तोवरच लिहून काढा. करारात नसेल तिथे 2008 चा एलएलपी कायदा लागू होतो आणि नफा समान वाटला जातो, मग भांडवल कुणी कितीही घातलेलं असो.

आणखी एक: बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलीत, तर त्या कर्जापुरतं मर्यादित दायित्वाचं संरक्षण, म्हणजे धंद्याच्या देण्यापोटी तुमच्या खासगी मालमत्तेला हात न लागणं, उरत नाही. सही करण्यापूर्वी घरच्यांशी बोला. धंदा शून्य असला तरी फॉर्म 11 (वार्षिक विवरणपत्र) दरवर्षी 30 मेपर्यंत आणि फॉर्म 8 (जमाखर्चाचं विवरण) हा 30 ऑक्टोबरपर्यंत भरायचाच.