बंद केलेले सीपॅप पुन्हा सुरू करावे का? निर्णय कसा घ्यावा

स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास वारंवार अडण्याच्या आजाराचे, निदान झाले, मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅपचे यंत्र विकत घेतले, काही आठवडे वापरले आणि मग ते पिशवीत घालून माळ्यावर टाकले, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. पुढे वर्ष-दोन वर्षांनी झोप बिघडली की त्या पिशवीची आठवण होते. अशा वेळी कोणी त्याच रात्री मास्क चढवतो आणि तीन रात्रींत पुन्हा उतरवतो, तर कोणी ‘ते आपल्याला जमत नाही’ म्हणून विषय मिटवतो. दोन्ही घाईचे निर्णय आहेत. आत्ताची झोप कशामुळे बिघडली आहे आणि त्या वेळी यंत्र का सुटले, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ‘होय’ म्हणण्याला अर्थ नाही आणि ‘नाही’ म्हणण्यालाही नाही.

आधी पाहा, थांबायला वेळ आहे का

गाडी चालवताना डुलकी लागत असेल, झोपेतून गुदमरून जाग येत असेल, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता किंवा तीन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब असेल, तर पुढचा लेख वाचत बसण्यापेक्षा डॉक्टरांची वेळ घ्यावी, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि पोटाची किंवा सांध्याची मोठी शस्त्रक्रिया ठरलेल्यांनीही असेच करावे. ॲप्निया असल्याचे आणि यंत्र बंद असल्याचे भूलतज्ज्ञांना आधीच सांगितले पाहिजे, कारण भूल आणि वेदनाशामके यांच्यामुळे घशाचे स्नायू आणखी सैलावतात. ज्यांना साधे सीपॅप नव्हे, तर श्वास घेताना व सोडताना वेगवेगळा दाब देणारे बायपॅप दिले होते, किंवा ज्यांच्या हृदयाची पंप करण्याची क्षमता कमी आहे, त्यांनी यंत्राचा निर्णय घरच्या घरी घेऊच नये.

झोप नेमकी कशी बिघडली आहे ते ओळखा

‘झोप लागत नाही’ आणि ‘झोपूनही झोप पुरत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. अंथरुणावर पडल्यावर तास-दीड तास छताकडे पाहत राहणे, पहाटे तीनला जाग येऊन विचारांचे चक्र सुरू होणे हे निद्रानाशाचे लक्षण आहे आणि त्यावर सीपॅप हा उपाय नाही. उलट सात-आठ तास झोपूनही सकाळी डोके जड असणे, तोंड कोरडे पडणे, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे, दुपारी बैठकीत डोळे मिटणे हे श्वास अडल्याचे लक्षण असू शकते. रात्रीच्या लघवीचा ॲप्नियाशी संबंध अनेकांना विचित्र वाटतो. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतील दाब बदलतो, हृदयावर ताण येतो आणि जास्त लघवी तयार करण्याचा इशारा देणारे संप्रेरक हृदयातूनच सुटते. पुरुष मात्र सगळा दोष प्रोस्टेटला देऊन मोकळे होतात.

दिवसाची झोपाळूपणाची पातळी मोजण्यासाठी १९९१ साली प्रसिद्ध झालेली एपवर्थ प्रश्नावली पुरेशी आहे. वाचताना, टीव्ही पाहताना, प्रवासात, जेवणानंतर शांत बसल्यावर, अशा ८ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असे धरतात. आजची बेरीज तारखेसह लिहून ठेवावी, पुढे ती लागेल. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला ‘मी घोरतो का?’ असे न विचारता ‘माझे घोरणे मध्येच थांबून नंतर एकदम मोठा श्वास येतो का?’ असे विचारावे. एकटे राहणाऱ्यांनी मोबाइलवर रात्रभराचा आवाज ध्वनिमुद्रित करावा.

स्त्रियांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. त्यांच्यात हा आजार बरेचदा मोठ्या घोरण्याऐवजी थकवा, सकाळची डोकेदुखी आणि तुटक झोप या रूपांत दिसतो आणि रजोनिवृत्तीनंतर त्याचे प्रमाण वाढते. ‘घरातल्या कामाचा शीण’ म्हणून तो वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो.

थकव्याची इतर कारणेही तपासून घ्यावीत: थायरॉइड, रक्तातील लोह, नैराश्य, रात्रपाळी, रात्रीचा चहा. निद्रानाश आणि ॲप्निया एकाच माणसात एकत्र असणेही सर्रास आढळते. तेव्हा दोन्हींवर स्वतंत्र उपचार लागतात, आणि झोपेची गोळी किंवा झोपण्यापूर्वीचे मद्य हे त्यांपैकी कशाचेच उत्तर नाही. गोळी आणि मद्य यांच्यामुळे घसा अधिक सैल पडू शकतो.

जुना अहवाल बाहेर काढा

स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेच्या चाचणीच्या, अहवालात एएचआय नावाचा आकडा असतो. झोपेच्या एका तासात श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला, याची ती सरासरी. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी ढोबळ विभागणी आहे. त्यासोबत ऑक्सिजन कुठवर उतरला होता आणि उताणे झोपल्यावर आकडा किती वाढत होता, हेही पाहावे. एएचआय ४५ असलेल्या माणसाने यंत्र सोडणे आणि ७ असलेल्याने सोडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग विचारावे, तेव्हापासून काय बदलले? वजन हा सर्वांत मोठा घटक. अमेरिकेत अनेक वर्षे चाललेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वजन १० टक्के वाढले की एएचआय सुमारे ३२ टक्के वाढतो आणि तितकेच घटले की सुमारे २६ टक्के उतरतो, असे दिसले. म्हणजे ८० किलोंचा माणूस ८८ किलोंवर गेला असेल, तर जुना अहवाल त्याच्या आजच्या घशाबद्दल फारसे सांगत नाही. अहवाल बराच जुना असेल, वजनात असा फरक पडला असेल किंवा मधल्या काळात नाकाची अथवा घशाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर चाचणी पुन्हा करावी. यंत्र आधीच बंद आहे, ही त्यातल्या त्यात सोय. मूळ आजार किती आहे ते स्वच्छ दिसते.

घरी नोंदी घेणारे उपकरण लावून केलेली झोपेची चाचणी स्वस्त पडते, पण बहुतेक घरगुती चाचण्या मेंदूच्या लहरी नोंदवत नाहीत. त्या रात्री तुम्ही तीन तास जागेच असाल, तरी ते तास भागाकारात धरले जातात आणि एएचआय खरा असेल त्यापेक्षा कमी दिसतो. लक्षणे ठळक असून घरचा अहवाल ‘नॉर्मल’ आला, तर प्रयोगशाळेतील चाचणीचा आग्रह धरावा.

यंत्र का सुटले, हे शोधा

निर्णयाचा खरा गाभा इथे आहे. ‘सवय झाली नाही’ हे उत्तर पुरेसे नाही; त्याच्या खाली बहुधा एखादी साधी, दुरुस्त होणारी गोष्ट असते.

मास्कमधून हवा गळत असेल, तर ती डोळ्यांवर येते, फुसफुस आवाज होतो आणि माणूस पट्टे आवळत जातो. आवळल्याने मास्कच्या कडेची सिलिकॉनची मऊ उशी चेंगरते, गळती वाढते आणि नाकाच्या हाडावर वळ उठतो. पट्टे आडवे झोपून, यंत्र चालू असताना बसवायचे असतात. बसून बसवलेला मास्क कुशीवर वळताच निसटतो. दाट मिशी किंवा दाढी असल्यास नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क बरा. डोक्याला आणि चेहऱ्याला तेल लावून झोपण्याची सवय असेल, तर सिलिकॉनची उशी काही महिन्यांत पिवळट, चिकट आणि ढिली पडते. ती बोटाने दाबून पाहावी. लवकर मूळ आकारात येत नसेल तर बदलावी.

नाक चोंदलेले असेल, तर कितीही चांगले यंत्र हरते. नाकातील पडदा वाकडा असणे, ॲलर्जी, पावसाळ्यातील बुरशी यांवर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांचे उपचार घ्यावेत. सकाळी तोंडाला कोरड पडत असेल, तर हवा तोंडावाटे निसटत आहे. ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी) वाढवणे, हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क यांतील एक उपाय बहुधा लागू पडतो. ह्युमिडिफायरबाबत एक बारीक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात: यंत्र डोक्यापेक्षा खाली ठेवायचे असते. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्याने ते शेजारच्या स्टुलावर ठेवले, की नळीत साठलेले पाणी थंडीच्या रात्री घरंगळत थेट मास्कमध्ये येते आणि नाकात पाणी गेल्याने तो दचकून उठतो. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी तळाशी पांढरा थर धरते.

दाब ‘अंगावर येतो’ असे वाटत असेल, तर रॅम्पची सोय चालू आहे का ते पाहावे, म्हणजे दाब हळूहळू चढतो. श्वास सोडताना दाब थोडा कमी करणारी सोयही बहुतेक यंत्रांत असते. पोट फुगत असेल तर हवा गिळली जात आहे, आणि दाब बदलण्याचा प्रश्न डॉक्टरांकडे न्यावा. मास्क लावताच कोंडल्यासारखे होत असेल, तर दिवसा जागेपणी, टीव्ही पाहताना, आधी नुसता मास्क आणि मग यंत्रासह, असा सराव करावा.

वीज जाणे हे गावाकडचे खरे कारण आहे. यंत्र बंद पडले तरी मास्कमधील छिद्रांमुळे माणूस गुदमरत नाही, पण झोप मोडते. इन्व्हर्टर असेल तर ह्युमिडिफायरची उष्णता बंद ठेवल्यास बॅटरी बरीच अधिक पुरते. आणि ज्यांनी नव्या लग्नात संकोचापोटी यंत्र बंद केले, त्यांनी जोडीदारालाच एकदा विचारावे की घोरणे बरे की यंत्राची मंद घरघर.

यंत्र वापरण्याजोगे आहे का, ते तपासा

झाकण काढून हवेचा फिल्टर पाहावा. मच्छर अगरबत्तीच्या धुराने तो काळा झालेला असतो. नळीत बुरशीचे ठिपके किंवा कुबट वास असेल, तर ती धुण्यापेक्षा बदलावी. फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने जून २०२१ मध्ये पहिल्या पिढीच्या ड्रीमस्टेशनसह अनेक मॉडेल परत मागवली, कारण आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची शक्यता होती. त्या कंपनीचे त्या सुमाराचे किंवा आधीचे यंत्र असल्यास क्रमांक पडताळल्याशिवाय लावू नये. पेसमेकर असणाऱ्यांनी, किंवा जोडीदाराला तो असल्यास, चुंबकाच्या बटणांचा मास्क टाळावा. आणि मेहुण्याचे न वापरलेले यंत्र त्याच्याच दाबावर लावणे, ही काटकसर नव्हे.

अपेक्षा नेमक्या ठेवा

सीपॅपने काय होते याबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हापासून एक गोष्ट वारंवार सिद्ध झाली आहे: मास्क चेहऱ्यावर असेपर्यंत घसा उघडा राहतो, घोरणे थांबते आणि दिवसाची झोप कमी होते. मास्क काढला, की काही रात्रींतच आजार परततो. रक्तदाब सरासरीने थोडाच उतरतो. हृदयविकाराबद्दल मात्र २०१६ च्या ‘सेव्ह’ अभ्यासाने उत्साहाला आवर घातला. २,७१७ रुग्णांच्या त्या अभ्यासात हृदयविकार आणि अर्धांगवायू कमी झाल्याचे दिसले नाही. झोपाळूपणा आणि मनःस्थिती सुधारली. यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता, आणि दिवसा फार झोप येणाऱ्यांना अभ्यासात घेतलेच नव्हते, हेही विसरू नये.

म्हणून माझे मत असे: दिवसाची झोप, तीव्र एएचआय किंवा हट्टी रक्तदाब यांपैकी काही असेल, तर यंत्र पुन्हा सुरू करण्याकडे कल ठेवावा. एएचआय सौम्य आहे आणि दिवसभर तुम्ही ताजेतवाने आहात, तर केवळ अपराधी वाटते म्हणून मास्क चढवण्याची गरज नाही.

तीस रात्रींची मुदत ठरवून वापरा

सुरुवातीची तारीख आणि परीक्षणाची तारीख दोन्ही कॅलेंडरवर लिहावी. दुपारच्या डुलकीलाही मास्क लावावा. आठवड्यातून एकदा यंत्रावर किंवा त्याच्या ॲपवर तीन गोष्टी पाहाव्यात: वापराचे तास, गळती आणि यंत्र लावूनही उरलेला एएचआय. उरलेला आकडा साधारण ५ च्या खाली हवा. तो सतत वर राहत असेल किंवा ‘सेंट्रल’ प्रकारचे, म्हणजे घसा बंद नसतानाही मेंदूकडून श्वासाचा इशारा न आल्याने होणारे, अडथळे दिसत असतील, तर दाब स्वतः न बदलता नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावे. रात्री ४ तासांचा जो निकष सांगतात, तो अमेरिकी विम्याच्या हिशेबातून रूढ झाला आहे. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत श्वास अनेकदा सर्वाधिक अडतो, त्यामुळे चार तासांनी मास्क काढणारा नेमका वाईट भाग उघड्यावर काढतो.

मुदत संपल्यावर एपवर्थ पुन्हा भरावी आणि जुन्या बेरजेशी ताडून पाहावी. आकडे चांगले आणि माणूसही बरा, तर चालू ठेवावे. आकडे चांगले पण थकवा तसाच, तर कारण दुसरीकडे शोधावे. वापरच दोन तासांच्या वर गेला नाही, तर ‘सीपॅप निकामी ठरले’ असे म्हणता येत नाही, ते अजून वापरलेलेच नाही.

प्रामाणिक प्रयत्नानंतरही जमले नाही, तर खालचा जबडा पुढे धरणारे दातांवरचे साधन, केवळ उताणे झोपल्यावरच त्रास असेल तर कुशीवर झोपण्याची सवय, वजन घटवणे आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. लठ्ठपणासोबत मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असणाऱ्यांसाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. यांपैकी कोणताही पर्याय घेतला, तरी काही महिन्यांनी त्या उपचारासह झोपेची चाचणी पुन्हा करून घ्यावी, कारण घोरण्याचा आवाज कमी झाला म्हणजे श्वास अडणे थांबले, असे होत नाही.