परोपजीवी गांधीलमाशीचा यजमान कसा नोंदवावा

पानामागे पतंगाची काळी पडलेली अंडी दिसली, तर त्यांत ट्रायकोग्रामा ही परोपजीवी गांधीलमाशी वाढत असण्याची शक्यता असते. ज्याच्या अंड्यांत ती वाढते, तो कीटक म्हणजे तिचा यजमान. ही अंडी पानाच्या तुकड्यासह काचेच्या नळीत ठेवून तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावावा, कारण जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची ही माशी विरळ कापडातूनही निसटते. एका नळीत एकाच यजमानाची अंडी ठेवावीत. सरमिसळ झाली की नोंदीला अर्थ उरत नाही. उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात माश्या बाहेर पडतात. त्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात आणि नर आवर्जून जपावेत, कारण जातीची खूण त्यांच्या जननांगात सापडते. एकाच जातीचे यजमान प्रदेशागणिक बदलू शकतात, म्हणून ठिकाण, तारीख, वनस्पती व यजमान यांची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून नळीतच टाकावी.