गाडी पुसताय की घासताय? रंगाची वाट लावणाऱ्या या चुका टाळा

"गाडी घेऊन दोन वर्षं बी झाली नाहीत, आणि पत्रा गंजायलाय की ओ!" पांढरी गाडी घेऊन आलेले काका चांगलेच तापले होते. बॉनेटवर आणि टपावर खसखशीएवढे नारिंगी ठिपके. गाडी दिवसभर कुठं असते विचारलं, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीच्या भिंतीला लागून.

पत्रा ठणठणीत होता. ग्राइंडिंग करताना लोखंडाचे बारीक कण उडतात, गाडीवर बसतात, रंगात रुततात आणि दवात-पावसात तिथंच गंजतात. पण काकांनी ते घालवायला भांड्यांची हिरवी घासणी वापरली होती. ठिपके निम्मे गेले, बॉनेटची चकाकी मात्र सगळी गेली.

माझ्याकडं साफसफाई-पॉलिशला येणाऱ्या गाड्यांचं बहुतेक असंच असतं. घाणीनं जेवढं बिघडलेलं असतं, त्याच्या दुप्पट ती काढताना बिघडवलेलं असतं. आपल्याला दिसते ती चकाकी रंगाची नसून त्यावरच्या पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअर कोटची असते. कंपनीच्या रंगात हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. त्यावर घासणी फिरवायची म्हणजे विचार करा.

लोखंडाचे ठिपके

यांना आयर्न रिमूव्हर लागतो. गाडी आधी धुवायची, सावलीत उभी करायची, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. मग फवारायचं. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक ठिपक्याखालून जांभळा ओघळ सुटतो. काका ते बघून दचकले, "रंग उतरायलाय काय?" रंग नाही, ते रसायन लोखंडाशी मिळून जांभळं होतं. वास कुजलेल्या अंड्यासारखा येतो, हातमोजे घालाच. इथली नेहमीची चूक म्हणजे फवारून चहाला जायचं. ते वाळलं की त्याचेच डाग बसतात. वाळायच्या आत भरपूर पाण्यानं धुऊन टाका.

धुतलेल्या गाडीवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून अलगद फिरवा. नुसत्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. खरखर उरली असेल तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, तोही शाम्पूच्या पाण्यानं पत्रा बुळबुळीत करून, जोर न देता. आणि क्ले खाली पडला तर सरळ फेकून द्या. शिकत होतो तेव्हा मी तो "धुऊन घेतो की" म्हणून पुन्हा वापरला. त्यात अडकलेल्या वाळूच्या एका कणानं काळ्या गाडीच्या दारावर हातभर चंद्रकोर काढली. ती पॉलिश करायला माझा अख्खा दिवस गेला, पैसे अर्थातच मागितले नाहीत.

उसाची राख

दिवाळीनंतर कारखाने पेटले की चिकोडी, संकेश्वर, निपाणी पट्ट्यातल्या गाड्यांवर सकाळी काळी राख असते. कुठं धुराड्याची, कुठं पाचट पेटवलेल्या फडाची. त्यात पहाटेचं दव. दार उघडायच्या आधी माणूस काय करतो? डिकीतलं फडकं काढून टप झाडतो. राखेबरोबर बारीक रेतीही असते, आणि ती फडक्याखाली सापडली की उन्हात दिसणारे गोल गोल ओरखडे तयार. पिसांचा झाडूही तेच करतो, जरा हळू एवढंच. आधी पाण्याचा फवारा, मग कार शाम्पू, मग मायक्रोफायबर. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, धुवायचा हातमोजा खळबळायला. खानापूरच्या तांबड्या मातीलाही हाच नियम. मळक्या गाडीवर कव्हर घालणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. वाऱ्यानं हलणारं कव्हर रात्रभर सँडपेपरचं काम करतं.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड नको, वॅक्स धुऊन निघतं. दुपारच्या उन्हात बोअरच्या पाण्यानं धुणं तर नकोच. थेंब वाळतात आणि क्षारांची पांढरी कडी उरतात. ताजी असतील तर पांढरं व्हिनेगर निम्म्याला निम्मं पाणी घालून लावा, मिनिटभरानं धुवा. जुनी झाली की पॉलिशशिवाय सुटका नाही.

डांबर आणि पाखरं

डांबराला रॉकेल किंवा पेट्रोल लावणारे अजून भेटतात. डांबर निघतं हे खरं, पण रबर आणि प्लॅस्टिक खराब होतं, आणि बाहेर रंगवून घेतलेला पॅनल असेल तर रंगही मऊ पडू शकतो. टार रिमूव्हर घ्या, विरघळू द्या, मग टिपा. कॅम्पातल्या झाडांखाली गाडी लावणाऱ्यांनी पाखरांची विष्ठा नखानं खरवडू नये. ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. पण त्याच दिवशी. दोन दिवस ऊन खाल्लं की क्लिअर कोटवर ठसा उमटतो.

"थेट कोटिंगच मारा"

ही सगळ्यांत महागडी चूक. सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर बसवायचा कडक संरक्षक थर. त्याखाली लोखंडाचे कण आणि ओरखडे तसेच राहिले, तर ते दोन-तीन वर्षांसाठी आतच बंद होतात. जाहिरातीतला '९एच' हा पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे, गिट्टी उडाली तर कोटिंग आडवं येत नाही. दुसऱ्या टोकाला, दर सर्व्हिसला रबिंग-पॉलिश करून घेणारे. प्रत्येक रबिंगला क्लिअर कोट थोडा झिजतो आणि तो परत येत नाही. मशीन लावण्याआधी जाडी मोजायचं गेज लावतात का, ते विचारा.

काकांच्या बॉनेटवर गेज लावलं, रंगाचे सगळे थर मिळून १०५ ते ११० मायक्रॉन आले. पॉलिशला वाव होता. धूसरपणा गेला, घासणीच्या दोन खोल रेघा मात्र मुद्दाम ठेवल्या. त्या काढायच्या तर थर फार पातळ झाला असता. काकांना आधी पटेना. मग म्हणाले, "राहू देत. घरात दाखवायला बऱ्या, घासणी तिनंच दिली होती."