डेलिया उगवत नाही? या चुका टाळा

कंद गलेलठ्ठ, तरी महिनाभर कोंब नाही, अशी तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या कंदाला नाहीत. डोळा फक्त मानेशी, कंद जुन्या खोडाला चिकटलेला असतो तिथे. मान मोडली की तो कंद फुकट. विकत घेताना खोडाचा तुकडा असलेलाच उचला, मग तो बारीक का असेना.

कंद लावल्याबरोबर तांब्याभर पाणी ओतणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. मुळंच नसतात, तर पाणी ओढणार कोण? कंद नुसता कुजतो. पाऊस सरल्यावर, पुण्याच्या बाजूला साधारण ऑक्टोबरात, जेमतेम ओलसर मातीत चार-पाच इंच खोल लावा आणि कोंब वर येईपर्यंत हात आवरा. आधाराची काठी मात्र कंद लावतानाच रोवा. नंतर रोवली तर नेमकी कंदात घुसते.

झाड वाढलं की उलट होतं, फुलावर आलेली कुंडी रोज पाणी मागते. दुपारी पानं मलूल होऊन संध्याकाळी सावरली तर चिंता नको. सकाळीही मान टाकलेली आणि माती ओली असेल, तर मुळं कुजू लागलीत. तेव्हा आणखी पाणी घालू नका.

नुसती पानं फोफावली, कळी नाही? युरिया थांबवा आणि पाच-सहा तास ऊन मिळतंय का ते बघा. तीन-चार पानांच्या जोड्या झाल्यावर शेंडा खुडायला जीव धजत नाही, पण खुडल्याशिवाय फारसे फुटवे येत नाहीत.

सुकलेली फुलं काढताना कळ्याही तोडल्या जातात. कळी गोल, टणक असते. पाकळ्या गळालेलं बोंड टोकदार आणि दाबलं की पचपचीत.

फेब्रुवारीत ऊन तापलं की पानांखाली लाल कोळी जाळी विणतो. तो कीटक नव्हे, त्यामुळे मावा-तुडतुड्यांची औषधं त्याच्यावर सहसा चालत नाहीत. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. शिरांलगत पिवळट पट्टे आणि खुरटलेलं झाड दिसलं तर तो बहुधा मोझॅक विषाणू. कंदासकट उपटून टाका, पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

बहर संपला की पाणी तोडा. पानं पिवळी पडल्यावर खोड चार बोटं ठेवून कापा. ते पोकळ असतं, आत पाणी साचलं तर कुज थेट मानेपर्यंत उतरते; म्हणून पावसाळाभर कुंडी छपराखाली, कोरडीच ठेवा.