घरच्या दुर्बिणीतून ३सी २७३ हा क्वेसार कसा शोधावा

क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र, जेथे महाकाय कृष्णविवर वायू गिळत असते. हौशी निरीक्षकाने पहिला क्वेसार म्हणून कन्या राशीतील ३सी २७३ हाच निवडावा, कारण त्याची दृश्यप्रत (आकडा जितका मोठा, तितका ठिपका मंद) सुमारे १२.९ असून इतर बहुतेक क्वेसार त्याहून पुष्कळ मंद आहेत. दुर्बीण आठ इंची, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या आरशाची किंवा भिंगाची असावी. अगदी काळोख्या जागी सहा इंचीवरही भागते, पण शहराच्या उजेडात मोठ्या आरशाचाही फारसा उपयोग होत नाही. फाल्गुन आणि चैत्र अमावास्येच्या आसपासच्या रात्री यासाठी उत्तम. एप्रिलच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रातून हा भाग दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ७३ अंश उंचीवर दिसतो.

सिंहाच्या शेपटीजवळची उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतील चित्रा या दोन ठळक ताऱ्यांना जोडणारी रेषा कल्पावी. तिच्या मध्यबिंदूपासून जेमतेम दोन अंश पश्चिमेला क्वेसारची जागा आहे. एवढ्याने तो सापडत नाही, पण कोणत्या भागात शोधायचे ते पक्के होते. मग मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीतून १६ व्हर्जिनिस हा पाचव्या प्रतीचा तारा गाठावा आणि तेथून सुमारे सव्वादोन अंश पूर्वेला व सव्वा अंश दक्षिणेला सरकावे. नेमके स्थान, आकाशातील रेखांश-अक्षांशांसारख्या मापांत, विषुवांश १२ तास २९.१ मिनिटे, क्रांती उत्तर २ अंश ३ मिनिटे असे आहे.

खरी कसोटी यापुढे लागते, कारण क्षेत्रात सारख्याच दिसणाऱ्या मंद ठिपक्यांतून आपला ठिपका ओळखायचा असतो. स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या संगणकप्रणालीतून चौदाव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा नकाशा आधीच छापून घ्यावा आणि तांबड्या दिव्यात वाचावा. न्यूटनी (आरशाच्या) दुर्बिणीत चित्र फक्त १८० अंशांनी फिरलेले दिसते, तर काटकोनी आरसा लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत ते आरशातल्यासारखे डावे-उजवे बदललेले दिसते. नकाशा त्याप्रमाणे फिरवून किंवा उलटवून न घेतल्यानेच बहुतेकांची रात्र वाया जाते. कमी वर्धनावर ताऱ्यांचे त्रिकोण जुळले की वर्धन दीडशेच्या पुढे न्यावे, म्हणजे पार्श्वभूमी काळवंडते, आणि ठिपक्याकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी.

दिसेल तो एक साधा मंद तारा, आणि तो तसाच दिसायला हवा. १९६२ मध्ये सिरिल हॅझर्ड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पार्क्स रेडिओ दुर्बिणीने, चंद्र या रेडिओस्रोताला झाकतो त्या क्षणांची नोंद घेऊन त्याची जागा निश्चित केली, तेव्हा तेथे असाच एक ‘तारा’ होता. (चंद्राच्या पिधानाची हीच पद्धत डोळ्यांसमोर ठेवून गोविंद स्वरूप यांनी पुढे उटीची रेडिओ दुर्बीण उभारली.) १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांना त्याच्या वर्णपटातील अनोळखी रेषा हायड्रोजनच्याच, पण १५.८ टक्के तांबड्याकडे सरकलेल्या असल्याचे उमगले. आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निघाला आहे. हा क्वेसार ३३ प्रकाशवर्षांवर असता, तर आकाशात जवळपास सूर्याइतका तळपला असता. कृष्णविवर मात्र आपल्याला दिसत नाही. दिसते ती त्याच्याभोवती गरगरत आत पडणाऱ्या वायूची तापलेली तबकडी. ताऱ्यांतील हायड्रोजनच्या अणुसंमीलनातून वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो, तर अशा पतनात सुमारे १० टक्के बदलू शकतो. म्हणूनच दीर्घिकेच्या केंद्रातील एवढीशी जागा तिच्या सर्व ताऱ्यांना फिकी पाडते.

ज्यांच्याकडे ताऱ्यामागे आपोआप फिरणारी बैठक आणि कृष्णधवल कॅमेरा आहे, त्यांनी कॅमेऱ्यापुढे प्रकाशाचा वर्णपट पसरवणारी, मिलिमीटरला शंभर रेषांची जाळी बसवून श्मिट यांचे मापन स्वतः करून पाहावे. त्याच रात्री ईटा व्हर्जिनिस या पांढऱ्या ताऱ्याचाही वर्णपट घ्यावा, कारण त्यातील हायड्रोजनच्या काळ्या रेषांवरून तरंगलांबीची मोजपट्टी आखता येते. क्वेसारची अनेक चित्रे एकत्र रचल्यावर ५६३ नॅनोमीटरच्या आसपास रुंद उंचवटा दिसतो. ती मुळात हायड्रोजनची ४८६ नॅनोमीटरची बीटा रेषा आहे. हायड्रोजनच्या तांबड्या आल्फा रेषेवर विसंबू नये, कारण ती सरकून नेमकी ७६० नॅनोमीटरजवळ, म्हणजे आपल्याच वातावरणातील ऑक्सिजनच्या शोषणपट्ट्यावर येऊन पडते. ५६३ ला ४८६ ने भागून १ वजा करावा, उत्तर ०.१५ ते ०.१६ च्या दरम्यान आले, तर ठिपका बरोबर ओळखला होता.